अर्धापूरची थंडी आणि सायकलवरचा पोशाख

अर्धापूर म्हटलं की नांदेडकडच्या माणसाला आधी केळी आठवतात. नांदेडहून आसना नदीचा पूल ओलांडून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की सतरा-अठरा किलोमीटरवर आमचं गाव. केशवराजाचं जुनं देऊळ, आठवड्याचा बाजार, आणि गाव संपलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, मधून मधून हळदीची रानं, पलीकडे ऊस. इसापूरच्या धरणाचं पाणी कालव्यानं येतं, त्याची ही हिरवळ. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना मराठवाडा म्हणजे फुफाटा आणि दुष्काळ एवढंच ठाऊक असतं. त्यांना मी म्हणते, माळेगावच्या यात्रेच्या सुमारास या, आणि पहाटे कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर सायकल घालून बघा!

आमची थंडी कोरडी आणि लबाड. आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसाची ऊब रात्रीतून निघून जाते आणि सखल रानात गार हवा साचून राहते. कडाक्याच्या दिवसांत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि दुपारी बारा वाजता त्याच रस्त्यावर घाम पुसावा लागतो. एका दिवसात दोन ऋतू. म्हणून इकडे काय घालावं हा प्रश्न हिमालयातल्यापेक्षा अवघड आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. तिथं एकदा घातलं की घातलं.

केळीलाही ही थंडी सोसत नाही. पारा दहा-बारा अंशांच्या खाली गेला की झाडाची वाढ मंदावते, पानं पिवळी पडतात, कधी घड खोडातच अडकून बसतो. म्हणून बागवान लोक रात्री विहिरीचं पाणी सोडतात. ते हवेपेक्षा उबदार असतं. पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, वाऱ्याच्या बाजूला शेवरीचं कुंपण लावतात, आणि घडांना चक्क पिशव्या घालतात. निळ्या-पांढऱ्या पिशव्या घातलेले घड ओळीनं लटकलेले दिसतात, तेव्हा वाटतं, बाळंतिणीच्या खोलीतली बाळंच आहेत ही! आणि त्याच बागेच्या कडेनं जी पोरगी सायकलवर शाळेला निघालेली असते, तिच्या अंगावर गणवेश आणि वर आईची शाल. तीसुद्धा निम्मी मागं उडत असते.

मी गावापासून पाच किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या शाळेत अर्धवेळ शिकवते. घरात स्कूटर एकच, ती ह्यांना लागते. ऑटो भरेपर्यंत थांबलं तर पहिला तास जातो. म्हणून चार हिवाळे झाले, मी सायकलनंच जाते. वाटेत आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या मुली भेटतात. त्यांच्याबरोबर जाता-येता जे शिकले ते लिहिते आहे.

मुलगी आणि सायकल यांचं नातं आता सरकारलाही पटलेलं आहे. बिहारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, आणि त्यामुळे शाळेत येणाऱ्या मुलींची संख्या वाढली हे अभ्यासकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकली आल्या. सायकल आली, शाळा आली. थंडीचं कोण बघणार? ते आपणच, घरातल्या बायांनी.

आमच्याकडे खरी परीक्षा शनिवारची. शनिवारी शाळा सकाळची. २०२४ साली शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते बरं झालं, पण मोठ्या मुलींना ते लागू नाही. साडेसातची प्रार्थना गाठायची तर लांबच्या वस्तीवरच्या मुलीला पुरतं उजाडायच्या आत घर सोडावं लागतं. गेल्या पौषात आठवीतली एक मुलगी सलग तीन शनिवार दिसली नाही. विचारलं तर म्हणाली, "थंडी वाजती, मॅडम." मग हळूहळू खरं काय ते बाहेर आलं. घरात जाड स्वेटर एकच. भाऊ पहाटेच्या एस.टी.नं नांदेडला कॉलेजला जातो, तेव्हा स्वेटर त्याच्याबरोबर. आईनं आपली शाल लपेटून दिली. शाल एका हातानं धरायची, दुसऱ्या हातानं हँडल! एक दिवस शालीचं टोक साखळीत गेलं आणि पोरगी कालव्याच्या कडेला पडली. कोपर सोलपटलं, एवढ्यावर निभावलं. पण वडिलांनी सांगून टाकलं, थंडी सरेपर्यंत सायकल बंद. पुढच्या आठवड्यात तिचा सोमवारही बुडाला.

मला धास्ती त्या कोपराची नव्हती. आठवी-नववीत "थोडे दिवस" म्हणून बंद झालेली सायकल पुन्हा सुरू होतेच असं नाही, हे शाळेत शिकवणाऱ्या बायांना ठाऊक आहे. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला, आणि मग आम्ही दोघींनी, म्हणजे तिच्या आईनं आणि मी, घरातलेच कपडे खाटेवर काढून मांडले. भावाचा लहानपणीचा, आखूड झालेला पातळ स्वेटर निघाला. वडिलांचा जुना टेरिकॉटचा पूर्ण बाह्यांचा शर्ट निघाला. गणवेशावर तो स्वेटर आणि त्याच्यावर वडिलांचा शर्ट, गळ्यापर्यंत आणि मनगटापर्यंत गुंड्या लावून. शाल पेटीत परत. वडील दारात उभे होते, ते हसून म्हणाले, "केळीच्या घडावाणी बांधली की पोरगी!" पण हसले, हे महत्त्वाचं. सोमवारी ती आली.

आता त्यात युक्ती काय, ते सांगते. थंडीत आपल्या अंगाभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. सायकलवर समोरून येणारा वारा तो थर सारखा उडवून नेतो. स्वेटर कितीही जाड असला तरी त्याची वीण मोकळी, वारा आरपार जातो. टेरिकॉटचं घट्ट कापड वारा अडवतं, आणि आतला पातळ स्वेटर हवा धरून ठेवतो. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे, ते एवढ्यासाठी. युरोपातले शर्यतीचे सायकलवीर घाट चढून गेले की उताराला लागण्याआधी छातीवर वर्तमानपत्र घालतात. त्यांचं कशाला, आपल्याकडे पेपर टाकणारी पोरंसुद्धा तेच करतात. घरात शर्टही जास्तीचा नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर दुहेरी वर्तमानपत्र, बस्स.

दुसरी गोष्ट आयांना पटवणं फार कठीण. निघताना अंगणात थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच ऊब वाटेल इतकं चढवलं, तर पहिल्या किलोमीटरलाच पायडल मारून घाम येतो, आतलं सुती कापड घाम पिऊन बसतं, आणि मग तोच ओलावा वाऱ्यावर गार होतो. वर्गात बसल्यावर ज्या मुली कुडकुडतात त्यांच्यात निम्म्या अशा. "गार लागतंय गं तुला, हे आणखी घाल," असं म्हणून आपण मायेनं हे करून ठेवतो. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. पण खरी लोकर महाग. बाजारातले बहुतेक स्वेटर कॅशमिलॉनसारख्या धाग्याचे असतात. त्यांनाही नावं ठेवू नका, धुवायला सोपे आणि वाळतात लवकर.

खऱ्या लोकरीची आमच्या भागातली वस्तू म्हणजे घोंगडी. पहाटे मेंढपाळ डोक्यावरून तिची खोळ घेऊन निघतात, तिच्यासारखी ऊब नाही. पण ती चालणाऱ्या माणसाची, सायकलवर तिचं ओझंच होतं.

स्वेटर विकत घ्यायचा तर थंडीत नांदेडला जावं. तिथं तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. १९५९ नंतर भारतात आलेल्या निर्वासितांच्या पुढच्या पिढ्या या व्यवसायात आहेत. माल मात्र तिबेटचा नव्हे, बहुतेक लुधियानाचा. आणि गंमत म्हणजे आपल्या सायकलींचं माहेरही तेच! हीरो सायकलचा कारखाना १९५६ साली लुधियानात निघाला, ॲव्हनही तिथलीच. आमच्या नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस लुधियानावरूनच जाते. एकदा मनात आलं, सायकल लुधियानाची, स्वेटर लुधियानाचा, आणि अंगावरचा ड्रेस तर नावानंच पंजाबी. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला, तेव्हापासूनचा हा संबंध. आम्ही आपले त्यातलं कापड तेवढं उचललं.

तर स्वेटर घेताना तो उजेडासमोर धरावा. विणीतून पलीकडचं दिसलं तर वाराही तिथूनच येणार. डोक्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा समोरून गुंड्यांचा किंवा चेनचा घ्यावा, म्हणजे अंग तापलं की चालवता चालवता गळ्याची गुंडी काढता येते. आणि दुकानात नुसता अंगाला लावून बघू नये. घालावा, आणि हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून थोडं वाकावं. मनगटं उघडी पडली किंवा मागून कंबर उघडी पडली तर तो स्वेटर सायकलीच्या कामाचा नाही. दुकानदार हसेल. हसू दे.

आता आपल्या, म्हणजे बायकांच्या पोशाखाचं. मी पहिला हिवाळा साडीतच काढला. निऱ्या वर खोचून, पदर कमरेला घट्ट गुंडाळून, जागोजाग पिना लावून जाता येतं. पण गुडघ्यापासून खाली वारा मोकळा फिरतो, आणि सारं लक्ष निऱ्यांकडे. दुसऱ्या वर्षी पंजाबी ड्रेस शिवला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे माझी सगळी तयारी बघत बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या लुगड्याला कासोटा होता माय, पाय बांधल्यावानी नव्हते. मला कुणी सायकल दिली असती तर मी नांदेडला जाऊन आले असते. तुमचं ते पाचवारी कामून आलं कुणास ठाऊक!" मला त्यांचं म्हणणं पुष्कळ पटलं. नऊवारीचा कासोटा म्हणजे दोन पायांना दोन वाटा. इंग्लंडात लेडी हार्बर्टन नावाच्या बाईंनी सायकलसाठी तसाच दोन पायांचा झगा घातला, तर १८९८ साली एका हॉटेलनं त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिलं नाही. खटला झाला, आणि तोही त्यांच्या बाजूनं लागला नाही. आमच्या आज्या बिचाऱ्या न भांडता तोच सोय असलेला पोशाख घालून शेतात राबत होत्या, फक्त सायकल त्यांच्या वाट्याला आली नाही.

साडीत सायकल येतच नाही असं मात्र कोणी समजू नये. तामिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास, शीला राणी चुंकत कलेक्टर असताना, साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्यातल्या कितीतरी साडीतच. पण तिथं आपल्यासारखी पहाट नसते!

शिक्षिका भगिनींसाठी एक माहिती. मार्च २०२४ मध्ये शासनानं शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या, त्यात महिलांना साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा असं म्हटलं आहे. तेव्हा पंजाबी ड्रेसला हरकत कोणी घेऊ नये. राहिला दुपट्टा. तो शाळेत घ्यायचा, सायकलवर नव्हे. सायकलवर तो घडी करून पिशवीत. ज्यांना तसं जाणं जड वाटतं त्यांनी दुपट्टा स्वेटरच्या आत घ्यावा. छातीवर आडवा घेऊन दोन्ही टोकं पाठीमागं नेऊन कमरेला गाठ मारावी, आणि वर स्वेटर बंद करावा. लाजही राहते आणि छातीला एक पदर ऊबही मिळते. आमच्या गावातल्या मुसलमान मुली बुरख्याचा खालचा घेर असाच उचलून आत बांधून घेतात, त्यांच्याकडे पाहूनच मला हे सुचलं. गळ्याभोवती सैल दुपट्टा किंवा मफलर टाकून सायकलवर बसू नका, लेकींना बसू देऊ नका. टोक चाकात गेलं तर फास बसतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून आडोसा हवा, असा नियमच १९८९ च्या मोटार वाहन नियमांत आहे. सायकल घेताना तो आपणच मागून घ्यायचा. साखळीला पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी, एवढं दुकानदाराला ठासून सांगायचं.

सलवारीचा घोळ साखळीकडच्या पायावर केसांच्या रबरानं बांधावा, नाहीतर सरळ चुडीदार घालावा. आत जुनी लेगिंग असली की गुडघे धरत नाहीत. चपलेतच जायचं असेल तर अंगठा वेगळा असलेले मोजे घ्यावेत. कानांना पातळ सुती स्कार्फ पुरतो. जाड लोकरी टोपी कानावर ओढली की मागचा हॉर्न ऐकू येत नाही. नाकातोंडाला गार वारा झोंबत असेल तर २०२० सालचे कापडी मास्क कपाटात पडले असतील ते काढा. कोरोनाची एवढी एकच वस्तू मला आवडीनं वापराविशी वाटते.

हाताकडे मात्र फार लक्ष द्या. बोटं बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. पूर्ण हातमोजे महाग पडतात, आणि बुळबुळीत असले तर ब्रेक निसटतो. म्हणून मी मनगट्या विणते. साधी चार पदरी लोकर, दहा नंबरच्या सुया. ४० टाके घालायचे आणि दोन सुलट, दोन उलट असं सरळ सात इंच विणून टाके सैल बंद करायचे. मग दोन्ही कडा जोडून शिवायच्या, फक्त वरच्या बाजूला एक इंच शिवून, त्याखाली दीड इंच जागा अंगठ्यासाठी मोकळी सोडायची आणि खाली पुन्हा शिवत जायचं. बोटं उघडी, तळवा आणि मनगट झाकलेलं. दोन संध्याकाळींत जोडी होते. उरलेल्या रंगीत लोकरीच्या केल्या तर मुलींना फार आवडतात. आमच्या वर्गात आता सात-आठ जणींच्या हातांत आहेत, आणि दोघी-तिघी आपल्या आपण विणायला शिकल्या.

धुकं आणि ऊस यांच्यावर एक शब्द लिहिलाच पाहिजे. ऐन थंडीत कारखाने चालू असतात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर, कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवा नाही. कालव्याकडून धुकं आलं की पन्नास पावलांवरचं दिसत नाही. अशा वेळी राखाडी शाल किंवा गडद निळा स्वेटर घातलेली मुलगी चालकाला कुठून दिसणार? म्हणून वरचा वारा अडवणारा शर्ट पांढरा नाहीतर पिवळा निवडावा. शिंप्याकडून पाठीवर उजेड पडला की चकाकणारी पट्टी शिवून घ्यावी. दप्तर पाठीवर असेल तर ती दप्तरावर, नाहीतर आत झाकून जाते. फारच दाट धुकं असेल तर मी पहिला तास जाऊ देते आणि मुलींनाही तसंच सांगून ठेवलं आहे.

शनिवारची शाळा अकराच्या सुमाराला सुटते, तोवर उन्हं तापलेली असतात. आता जे चढवलं ते उतरवायचं. पण उतरवलेला स्वेटर कमरेला बाह्यांनी बांधायची जी टूम आहे ती सायकलवर नको. गाठ सुटली की बाही थेट चाकात. कॅरियरला एक कापडी पिशवी कायमची बांधून ठेवावी आणि सगळं त्यात कोंबावं. आमची ती आठवीतली पोरगी, आता नववीत गेली, वडिलांचा शर्ट पिशवीत कोंबत नाही. नीट घडी करून ठेवते. दुपारी रानात जाताना तो त्यांना लागतो.

रथसप्तमी झाली की थंडी ओसरते. तेव्हा स्वेटर रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवावेत, न पिळता टॉवेलात दाबून पाणी काढावं आणि सावलीत आडवे पसरून वाळवावेत. दोरीवर टांगले की लांबतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत ठेवले की कसर लागत नाही. मनगट्या मात्र इतक्यात पेटीत टाकू नका. आमच्याकडे फाल्गुनातही एखादी पहाट अशी गार निघते, की हँडलला हात लावावासा वाटत नाही.